आग विझविणाऱ्यांची काळजी कोणी घ्यावी?

१४ एप्रिल ही तारीख डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची जयंती म्हणून आपल्यापैकी प्रत्येकास ठाऊक आहे. त्याच तारखेस देशातील अग्निशामक केंद्रांतून जवान रांगेने उभे राहतात व कर्तव्य बजावताना मरण पावलेल्या आपल्या सोबत्यांना मानवंदना देतात, ही गोष्ट मात्र फारच थोड्यांना माहीत असते. हा अग्निशमन सेवा दिन होय. मुंबईच्या गोदीत १९४४ साली ह्याच दिवशी जे घडले त्याची ही आठवण आहे. आपल्यांतील कित्येक कुटुंबांतील वडीलधाऱ्या मंडळींकडून ‘गोदीच्या स्फोटा’ची हकीकत आपण लहानपणी ऐकलेली असेल. त्या हकीकतीत सोन्याच्या विटा कोठे जाऊन पडल्या हे बहुधा सांगितले जाते. बंबावरच्या माणसांचे काय झाले हे क्वचितच सांगितले जाते. प्रस्तुत लेखात आम्ही त्या माणसांविषयी लिहिणार आहोत. आग विझविणारा मनुष्य कशाने मरतो, कशाने वाचतो, आणि त्याच्या जगण्यामरण्यात त्याच्या वरिष्ठाचा व त्याला मिळालेल्या शिक्षणाचा वाटा किती, एवढाच आमच्या अभ्यासाचा विषय आहे.

प्रथम गोदीचीच गोष्ट घेऊ. ‘फोर्ट स्टिकीन’ नावाचे जहाज इंग्लंडातून निघून कराचीमार्गे १२ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत येऊन लागले. त्यात सुमारे १४०० टन दारूगोळा होता आणि त्याच्या जोडीला कराचीस भरलेल्या कापसाच्या गासड्या होत्या. कापूस आणि स्फोटक पदार्थ शेजारी शेजारी ठेवू नयेत हे कोणाही कोठीवाल्यास समजते. पण महायुद्धाची घाई होती, जहाजे अपुरी होती, आणि मिळेल त्या जागेत मिळेल तो माल भरला जात होता. १४ तारखेस दुपारी जेवणाच्या सुट्टीनंतर दोन नंबरच्या कोठारातून धूर येताना दिसला. बंब आले, नळ्या सोडल्या गेल्या, ९०० टनांहून अधिक पाणी आत ओतले गेले. परंतु दाट धुरामुळे आगीचे मूळ काही सापडेना. आत पडणारे पाणी उकळू लागले होते.

आता येथे वाचकांनी जरा थांबून विचार करावा. धक्क्यावर त्या वेळी अधिकाऱ्यांची वाण नव्हती. जहाजाचा कप्तान होता, गोदीचे अधिकारी होते, दारूगोळ्याचे जाणकार लष्करी अधिकारी होते आणि मुंबई अग्निशामक दलाचे प्रमुख नॉर्मन कूम्ब्स हेही होते. कोणाचे मत जहाज तेथेच बुडवावे असे होते, कोणास ते बाहेर समुद्रात ओढून न्यावेसे वाटत होते, तर कोणी पाणी मारीत राहण्याच्या मताचा होता. प्रत्येकास आपापल्या खात्याचा अधिकार होता. सर्वांच्या वतीने एकच हुकूम देण्याचा अधिकार कोणासही नव्हता. दोन तास ह्यातच गेले. ३ वाजून ५० मिनिटांनी जहाज सोडण्याचा हुकूम झाला आणि त्यानंतर सोळा मिनिटांनी पहिला स्फोट होऊन जहाजाचे दोन तुकडे झाले. सुमारे अर्ध्या तासाने दुसरा स्फोट झाला. ह्या हादऱ्यांची नोंद दूर सिमल्यास झाली. मुंबईतील मृतांची संख्या शेकड्यांनी मोजावी लागली आणि त्यांत अग्निशामक दलाचे ६६ जण होते. भायखळ्याच्या मुख्य केंद्रात त्यांचे स्मारक आहे.

ह्या ६६ जणांच्या शौर्याविषयी आम्ही निराळे काही लिहावे असे नाही. पण शौर्याच्या स्तुतीत एक प्रश्न झाकला जातो, तो असा की, त्यांना आगीपासून किती अंतरावर उभे करावयाचे व केव्हा मागे घ्यावयाचे हे ठरविण्याचे काम ज्यांचे होते, त्यांच्या हाती ते ठरविण्यास लागणारी माहिती आणि अधिकार ही दोन्ही होती काय? शूर माणसे पुष्कळ मिळतात. अशा शूर माणसांना ‘आता पुरे, मागे या’ असे वेळेवर सांगणारा मनुष्य मिळणे अधिक कठीण असते. आमच्या वाचनात जितक्या मोठ्या दुर्घटना आल्या, तितक्यांत हीच गोष्ट फिरून फिरून दिसते.

आग विझविण्याच्या कामास शास्त्राचे स्वरूप देणारा पहिला पुरुष म्हणून जेम्स ब्रेडवूड ह्याचे नाव घेतात. एडिंबरो शहराने १८२४ साली आपले दल उभारले व त्याचे प्रमुखपद चोवीस वर्षांच्या ह्या तरुणास दिले. त्याचे घराणे बांधकामाच्या धंद्यातले. त्यामुळे भिंत कशी पडते, तुळई कोठे आधी जळते, कौलांवर पाय कोठे द्यावा, ह्या गोष्टी त्याला ठाऊक होत्या. दलात माणसे घेतानाही त्याने गवंडी, सुतार, लोहार, छपरे शाकारणारे असे कसबी तरुण निवडले. नेमणूक होऊन थोडेच दिवस झाले तोच नोव्हेंबरात त्या शहरात भयंकर आग लागली, आणि निरनिराळ्या पुढाऱ्यांनी निरनिराळे हुकूम दिले म्हणजे काय अनर्थ होतो ते त्याने डोळ्यांनी पाहिले. मग तो कवायत घेऊ लागला, तीही पहाटे चारच्या सुमारास! वेळ विचित्र खरी, पण कारण शहाणपणाचे होते. त्या वेळी रस्ते मोकळे असत, कोणाचा रोजगार बुडत नसे, आणि मुख्य म्हणजे आगी बहुधा रात्री लागतात, तेव्हा अंधारात काम करण्याची सवय दिवसाउजेडी कशी व्हावी? जळत्या घरात एकट्याने कधीही शिरावयाचे नाही, सोबती हवाच, हाही त्याचा दंडक होता. एकास धूर लागून भोवळ आली तर दुसऱ्याने त्याला ओढून काढावे. आज जगातील चांगल्या दलांत ही चाल सार्वत्रिक आहे. अमेरिकेत १९९८ पासून तर असा नियमच आहे की, दोघे आत असतील तेव्हा आणखी दोघांनी बाहेर सुटकेसाठी सज्ज उभे राहिले पाहिजे.

ब्रेडवूड पुढे लंडनच्या दलाचा प्रमुख झाला. नदीकाठच्या वखारींतील लोखंडी दारे नेहमी लावून ठेवीत जा, असे तो वखारवाल्यांना बजावीत असे. २२ जून १८६१ रोजी टूली स्ट्रीटवरील वखारींना आग लागली तेव्हा ती दारे उघडीच राहिली होती. थकून गेलेल्या आपल्या माणसांची विचारपूस करीत फिरत असता भिंत कोसळून तो तिच्याखाली गाडला गेला. प्रेत बाहेर काढावयास दोन दिवस लागले. सर्व शहर त्याच्या अंत्ययात्रेस लोटले आणि चार वर्षांनी, १८६५ साली, कायदा होऊन लंडनचे अग्निशामक दल विमा कंपन्यांच्या हातून सार्वजनिक खात्याकडे आले.

भिंतीची गोष्ट निघाली म्हणून मुंबईच्या काळबादेवीतील गोकुळ निवासाची आठवण होते. ९ मे २०१५ रोजी ह्या जुन्या, लाकडी तुळयांच्या इमारतीस आग लागली व ती विझविली जात असता इमारत ढासळली. मुंबई दलाचे चार अधिकारी त्यात गेले. दोघे तेथेच, आणि दोघे मागाहून इस्पितळात. दलाचे प्रमुख सुनील नेसरीकर आणि उपप्रमुख सुधीर अमीन हे त्यांपैकी होत. वरिष्ठ अधिकारी स्वतः पुढे होते ही त्यांच्या थोरवीची खूण आहे खरी. परंतु अभ्यासू मनुष्याने येथे हेही नोंदविले पाहिजे की, इमारत खचण्याची शंका आली की तिच्या उंचीच्या दीडपट अंतर मोकळे करावे असा जो सर्वमान्य संकेत आहे, तो आपल्या जुन्या पेठांतील गल्ल्यांत पाळावयाचा कसा? चार मजली वाडा आणि समोर बारा फुटांचा बोळ! दीडपट अंतर मोजू गेले तर बंब दुसऱ्याच आळीत उभा करावा लागेल. अशा ठिकाणी जवानाचे रक्षण त्याच्या पोशाखापेक्षा, आग लागण्याच्या कितीतरी आधी नगरपालिकेने व घरमालकाने काय केले ह्यावर अधिक अवलंबून असते.

धुरात वाट चुकणे हा ह्या धंद्यातील दुसरा मोठा घात. लंडनच्या स्मिथफील्ड बाजाराखाली मांस साठविण्याच्या शीतगृहांचे तळघर होते, म्हणजे जणू भुयारांचा चक्रव्यूहच. २३ जानेवारी १९५८ रोजी तेथे आग लागली. पाठीवर श्वसनयंत्र घेऊन आत गेलेले दोघे वाट चुकले आणि यंत्रातील प्राणवायू संपून मरण पावले. कोण आत गेला, किती वाजता गेला, त्याच्याजवळ हवा किती उरली, ह्याची चोख नोंद ठेवण्याची पद्धत तोपर्यंत पक्की झाली नव्हती. त्यानंतर प्रत्येकाने आत जाताना आपला बिल्ला दाराशी असलेल्या फळ्यावर लावावयाचा, फळ्यापाशी उभ्या असलेल्या माणसाने त्याच्या बाहेर येण्याची वेळ मांडावयाची, हवा संपत आली की यंत्रानेच शिटी वाजवावयाची, अशी शिस्त बसली. साधा फळा, खडू आणि घड्याळ. पण त्यांनी वाचविलेले जीव मोजता येणार नाहीत.

त्यानंतर एकेचाळीस वर्षांनी, ३ डिसेंबर १९९९ रोजी, अमेरिकेतील वूस्टर शहरी पुन्हा एका शीतगृहासच आग लागली. इमारत सहा मजली, ओसाड पडलेली, खिडक्या जवळजवळ नाहीत, भिंतींना आतून बुचाच्या लाकडाचे व इतर ज्वालाग्राही थर. आत कोणी निराश्रित माणसे राहतात असे कळल्यावरून शोधासाठी दोघे जवान गेले आणि धुरात हरवले. त्यांना शोधण्यास गेलेल्यांपैकी आणखी चौघे परतले नाहीत. बाहेर आणखी कितीतरी सोबती आत धावण्यास उतावीळ झाले होते. सहा मित्र आत आहेत म्हटल्यावर कोण स्वस्थ बसेल? त्या वेळी तेथील अधिकारी माइक मॅकनामी दारात आडवा उभा राहिला आणि ह्यापुढे एकही मनुष्य आत जावयाचा नाही असे त्याने बजावले. हे शब्द उच्चारणे किती जड गेले असेल! सहा जणांच्या सुटकेची आशा सोडून देण्याचा तो हुकूम होता. पण त्या हुकुमाने आणखी किती घरांतील कुंकू वाचले ह्याचा विचार केला, म्हणजे पुढारीपण कशास म्हणतात ते समजते. आत कोणी निराश्रित नव्हतेच, ते आधीच निघून गेले होते, हे मागाहून कळले.

हा हुकूम दारात उभे राहून, मन पिळवटत असताना, नव्याने सुचत नाही. त्याची तयारी शांततेच्या दिवसांत व्हावी लागते. फिनिक्स शहराच्या दलाचे कित्येक वर्षे प्रमुख असलेले अ‍ॅलन ब्रुनासिनी ह्यांनी त्यासाठी एक सोपी कसोटी रूढ केली. वाचण्याजोगा जीव असेल तर मोठा धोका मोजूनमापून पत्करावा. केवळ मालमत्ता असेल तर थोडाच पत्करावा. आणि जे आधीच गेले आहे त्यासाठी मुळीच पत्करू नये. ऐकावयास ही व्यापाऱ्याची वहीखात्याची भाषा वाटते. परंतु ज्याने ती घोकून घेतली आहे त्याला आगीसमोर हिशेब चटकन जमतो. ज्याने घेतली नाही तो गर्दीच्या ओरड्यावर चालतो.

शिक्षणाचेही असेच आहे. डोळ्यांवर पट्टी बांधून नळीचा माग धरीत बाहेर पडणे, नळीच्या जोडावर हात फिरवून बंब कोणत्या बाजूस आहे हे ओळखणे, धुराचा रंग, दाटपणा व वेग पाहून आत काय शिजत आहे ते ताडणे, ह्या गोष्टी वर्षातून एकदा करून भागत नाही. सर्वांत कठीण धडा म्हणजे आपण अडकलो आहोत हे वेळेवर बिनतारी यंत्रावर सांगणे. मर्दपणाच्या खोट्या कल्पनेने जवान शेवटच्या श्वासापर्यंत हाक मारीत नाही, आणि मग हाक मारून उपयोग नसतो. लवकर मदत मागणाऱ्याला वरिष्ठाने कधीही हसू नये. एकदा हसला, तर पुढच्या वेळी त्याला कोणी हाक मारणार नाही.

येथवर आम्ही आगीच्या जागी येणाऱ्या मरणाविषयी लिहिले. आता जे लिहिणार आहोत ते वाचून पुष्कळांस नवल वाटेल. अमेरिकेत जवानांच्या मृत्यूंच्या नोंदी फार काळजीने ठेवतात. त्यांचा अभ्यास करून हार्वर्डच्या संशोधकांनी २००७ साली दाखविले की, कामावर असताना मरण पावणाऱ्या शंभर जवानांपैकी सुमारे ४५ हृदयविकाराने जातात. प्रत्यक्ष आग विझविण्यात जवानाचा शेकडा एक ते पाच इतकाच वेळ खर्च होतो, पण हृदयविकाराचे शेकडा ३२ मृत्यू त्या थोड्या वेळातच घडतात. कारण समजण्यास कठीण नाही. मनुष्य केंद्रात बसलेला किंवा निजलेला असतो, घंटा होते, क्षणात नाडी दुप्पट वेगाने चालू लागते. अंगावर वीस किलोंच्या वर ओझे, जाड कोट, त्यातून घाम बाहेर जात नाही. शरीर तापते, पाणी कमी होते, रक्त दाट होते. धुरातील विषारी वायूंमुळे रक्तास प्राणवायू कमी मिळतो. निरोगी हृदय हे सोसते. ज्याच्या धमन्या आधीच अरुंद झाल्या आहेत, जो बिडी-सिगारेट ओढतो, ज्याचा रक्तदाब कोणी वर्षानुवर्षे मोजला नाही, त्याचे हृदय दगा देते.

ह्यावरचा उपाय महागडा नाही. भरतीच्या वेळी धाव आणि उंची पाहावयाची आणि पुढे तीस वर्षे पाहावयाचेच नाही ही रीत सोडून दरसाल वैद्यकीय तपासणी व्हावी, केंद्रात व्यायाम हा कामाचाच भाग समजावा, आणि आगीच्या जागी विसाव्याची शिस्त असावी. चांगल्या दलांत हवेची दोन नळकांडी संपली की जवानास सक्तीने बाहेर बसवितात, कोट उतरवितात, पाणी पाजतात, कोपरापासून हात गार पाण्यात बुडवून ठेवावयास लावतात, नाडी पाहतात आणि मगच परत जाऊ देतात. आपल्याकडच्या वैशाखात तर ह्या शिस्तीची गरज थंड देशांहून अधिक आहे. पण साहेब स्वतः विसाव्यास बसला नाही तर शिपाई बसणार नाही, हे सर्वांस ठाऊकच आहे.

दुसरा शत्रू काजळी. लंडनचा शस्त्रवैद्य पर्सिव्हल पॉट ह्याने १७७५ सालीच दाखवून दिले होते की, धुराडी साफ करणाऱ्या पोरांना काजळीमुळे कर्करोग होतो. इतकी जुनी गोष्ट असूनही काळवंडलेला कोट आणि मळलेले शिरस्त्राण ही जुन्या जवानाची शान समजली जात असे. २०२२ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने अग्निशामकाचा व्यवसाय हाच कर्करोगास कारण होतो असा निर्वाळा दिला. आजच्या घरांतील गाद्या, पडदे, खुर्च्या, दूरदर्शन संच हे बहुतेक खनिज तेलापासून बनलेले असल्यामुळे त्यांचा धूर आपल्या आजोबांच्या काळच्या लाकडाच्या धुराहून पुष्कळ अधिक विषारी असतो. म्हणून आग विझली, आता नुसता धूर आहे, असे म्हणून तोंडावरचे यंत्र काढू नये. कोट तेथल्या तेथे पाण्याने धुवावा, तो निजावयाच्या खोलीत अगर घरी मुलाबाळांत नेऊ नये. आणि केंद्रात पोचताच तासाच्या आत साबण लावून स्नान करावे. सोवळ्याओवळ्याच्या वातावरणात वाढलेल्या आमच्या आज्यांना हा नियम समजावून सांगावा लागला नसता.

मनाच्या जखमेविषयी आपल्याकडे अजून कोणी बोलत नाही. लहान मुलाचे प्रेत उचलून आणलेला मनुष्य दुसऱ्या दिवशी हजेरीवर येतो आणि त्यास कोणी विचारीत नाही. त्याच्याशी बोलण्यास प्रथम त्याच्याच जोडीचा, हे सर्व पाहिलेला सोबती हवा, वैद्य नंतर, असा परदेशी दलांचा अनुभव आहे. घरच्या माणसांनी झोप उडणे, चिडणे, दारूकडे वळणे ह्या खुणा ओळखाव्या.

आपल्या देशात ह्या शिक्षणाची सोय अगदीच नाही असे मुळीच नाही. केंद्र सरकारचे राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय १९५६ साली रामपूर येथे निघाले व दुसऱ्याच वर्षी नागपुरास आले. तेथे शिकून गेलेले अधिकारी देशभर पसरले आहेत. उणीव आहे ती शहराशहरांत. अग्निशमन हे काम नगरपालिकांकडे सोपविलेले आहे, आणि नगरपालिकेच्या अंदाजपत्रकात जवानाच्या वार्षिक तपासणीचा खर्च दिव्यांच्या रोषणाईच्या मानाने किती, हे आपल्या गावापुरते कोणीही जाऊन पाहू शकतो.

मग आपल्यासारख्या कुटुंबांनी काय करावयाचे? आमच्या मते दोनतीन गोष्टी अगदी हातच्या आहेत. आपल्या संस्थांतर्फे रक्तदाब, मधुमेह व हृदय तपासणीची शिबिरे भरतात, त्यांत एक दिवस जवळच्या अग्निशामक केंद्राच्या जवानांसाठी राखून ठेवावा. त्यांना बोलावण्यापेक्षा शिबिरच केंद्रात न्यावे, कारण त्यांना जागा सोडून येता येत नाही. कार्यालये, वसतिगृहे, देवळांचे सभामंडप ज्यांच्या ताब्यात आहेत त्यांनी केंद्राच्या अधिकाऱ्यास एकदा घेऊन जाऊन जागा दाखवावी: जिने किती, दारे कोठे उघडतात, स्वयंपाकाच्या गॅसच्या टाक्या कोठे ठेवल्या आहेत, विजेचा मुख्य खटका कोठे आहे, पाण्याचा हौद कोठे आहे. मांडव घालताना बंब शिरेल एवढी वाट मोकळी ठेवावी. आणि दुर्दैवाने प्रसंग आलाच तर १०१ वर कळवून बाहेर रस्त्यावर उभे राहावे, बंब येताच प्रमुखास गाठावे, आणि आत कोणी आहे की नाही, असल्यास कोणत्या खोलीत, शेवटी केव्हा पाहिले, हे एकानेच शांतपणे सांगावे. ‘आत शिरा, आत शिरा’ अशी ओरड करणाऱ्या गर्दीस मागे हटविणे हेही त्याच माणसाचे काम. सर्व मंडळी बाहेर आली असतील तर ती सर्व आली आहेत, आत कोणी नाही, एवढे वाक्य त्याने सर्वांत आधी सांगावे.